बरोबर उत्तरांनी भरलेला वर्ग

ज्या तासाला प्रत्येक प्रश्नावर पाच-दहा हात वर होतात, विचारलेल्या प्रत्येक मुलाचे उत्तर बरोबर येते, फळ्यावरचे अक्षर शेवटपर्यंत एका ओळीत राहते आणि घंटा होण्याच्या आत गृहपाठही सांगून होतो, तो तास उत्तम झाला असे आपण शिक्षक समजतो. बडोद्याच्या एका गुजराती माध्यमाच्या शाळेत उच्च प्राथमिक वर्गांना गणित शिकवताना माझे मत हळूहळू याच्या उलट होत गेले आहे. अशा तासाअखेर मुलांना नेमके काय समजले, याविषयी शिक्षकाच्या हाती फारच थोडे लागते. निर्दोषपणाचा हट्ट शिक्षकांनी सोडावा असे अलीकडे पुष्कळ बोलले जाते, आणि ते बहुधा शिक्षकांच्या थकव्याच्या आणि मनःस्वास्थ्याच्या अंगाने बोलले जाते. तो प्रश्न खराच आहे आणि त्याविषयी पुढे लिहिणार आहे. परंतु मला तो हट्ट सोडावासा वाटतो तो मुख्यतः शिकवण्यासाठीच, कारण मुलाची चूक समोर आल्याशिवाय त्याला पुढचे शिकवता येत नाही.

सहावीतले दशांश अपूर्णांक घ्या. फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहून मोठा कोणता असे विचारले, की कुठून तरी हमखास उत्तर येते, ‘बेन, पांत्रीस तो चार करतां मोटा ने!’ चारापेक्षा पस्तीस मोठे, म्हणून ०.३५ मोठा. पूर्णांकांची सवय दशांशचिन्हाच्या पलीकडे तशीच नेली की ही चूक होणारच, आणि गणिताच्या प्रत्येक शिक्षकाला ती ओळखीची आहे. अधिक अवघड चूक मात्र बरोबर उत्तराच्या आत दडून बसते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने ०.४ मोठा असे सांगितले. ‘शाबास’ म्हणून पुढे जाण्यासारखेच ते उत्तर होते. ‘कसे ठरवलेस?’ असे विचारल्यावर ती म्हणाली की दशांशचिन्हानंतर जितके जास्त आकडे तितके तुकडे बारीक, म्हणून ज्यात आकडे कमी ती संख्या मोठी. मग मी तिला ०.३ आणि ०.४५ दिले आणि तिने तितक्याच ठामपणे ०.३ मोठा असे सांगितले. तिच्या विचारात एक गोष्ट अगदी खरी होती, की शतांशाचा तुकडा दशांशाच्या तुकड्याहून लहान असतो. असे तुकडे घेतले किती, एवढेच पाहायचे राहून गेले होते.

चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौरस आखून आम्ही ते रंगवून पाहिले. ०.३ साठी तिने तीन उभ्या ओळी निळ्या केल्या, आणि ०.४५ साठी शेजारच्या चौरसात चार ओळी पूर्ण व पाचवीतल्या पाच चौकटी. पाचवी ओळ अर्धी रंगवून होताच तिचा हात थांबला, कारण पहिल्या चौरसातल्या तीन ओळी दुसऱ्याच्या पोटात सहज मावत होत्या हे तिचे तिलाच दिसले. या सगळ्यात अर्धा तास गेला, ठरवलेला उदाहरणसंग्रह तसाच राहिला, आणि बाहेरून कोणी तो तास पाहिला असता तर तो विस्कळीत झाला असेच त्याने लिहिले असते. मात्र आकडे कमी म्हणून मोठा, असा विचार करून बरोबर उत्तर देणारी आणखी मुले त्या वर्गात होती, आणि ती कोण हे मला त्या दिवशी कळले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी या दोन्ही समजुतींचा तपशीलवार अभ्यास केलेला आहे. पहिल्या समजुतीची मुले एका प्रकारच्या प्रश्नात बरोबर येतात आणि दुसऱ्या समजुतीची दुसऱ्या प्रकारच्या, त्यामुळे प्रश्न एकाच ठेवणीचे असले तर काहीच न समजता पैकीच्या पैकी गुण मिळू शकतात.

आता वह्यांकडे पाहा. आपल्याकडे चांगल्या वहीची कल्पना पक्की आहे: तपकिरी कव्हर, लाल समास, प्रत्येक उदाहरणाखाली दुहेरी रेघ, आणि कुठेही खाडाखोड नाही. या कल्पनेमागे नीटनेटकेपणाची आवड आहे आणि मलाही ती आवड आहे. परंतु खाडाखोड नसलेली वही तयार कशी होते हे आपण सर्वांनी पाहिलेले आहे. मूल फळ्यावरचे उत्तर येईपर्यंत पेन्सिल हातात धरून बसते, किंवा आपले उत्तर खोडरबराने पुसून फळ्यावरचे उतरवून घेते, किंवा पान फाडून पुन्हा लिहून आणते. कित्येक घरी आई रात्री बसून ते लिहून देते. अशी वही तपासताना शिक्षक आपल्याच अक्षराची फळ्यावरून वहीत गेलेली प्रत तपासत असतो. म्हणून गणिताच्या वहीत खोडरबर वापरायचा नाही असा नियम मी केला आहे. चुकलेल्या पायरीवर एकच आडवी रेघ मारायची, ती वाचता आली पाहिजे, आणि खाली नव्याने लिहायचे. वह्या त्यामुळे देखण्या राहत नाहीत हे मान्य आहे, आणि मुख्याध्यापकांना व पालकांना त्याचे कारण वर्षाच्या सुरुवातीलाच समजावून सांगावे लागते.

शिक्षक हा हट्ट का धरतात, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधणे मला अन्यायाचे वाटते. १९९१ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी परिपूर्णतेच्या आग्रहाचे तीन प्रकार वेगळे करून दाखवले: माणूस स्वतःकडून निर्दोषपणाची अपेक्षा करतो तो एक, इतरांकडून करतो तो दुसरा, आणि इतर लोक आपल्याकडून निर्दोषपणाचीच अपेक्षा करतात असे मानून जगतो तो तिसरा. पुढे टॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटन येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातील नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि सर्वांत जास्त वाढलेला होता तो हा तिसरा. ते आकडे आपल्या देशाचे नाहीत. तरी शाळेच्या स्टाफरूममध्ये ज्याने काही वर्षे काढली आहेत त्याला तिसरा प्रकार लगेच ओळखता येईल. तपासणीला येणारे साहेब, शेजारच्या वर्गाच्या बाई, पालकांचा व्हॉट्सॲप गट, घटक चाचण्यांच्या गुणांची ऑनलाइन नोंद आणि निकालाचा फलक, या सगळ्यांच्या नजरा शिक्षकाच्या खांद्यावर असतात. त्यात बाई असेल तर घरी गेल्यावर स्वयंपाक, सासूबाईंची औषधे आणि स्वतःच्या मुलांचा अभ्यास हेही तितकेच निर्दोष व्हावे अशी अपेक्षा असते. रात्री अकराला तक्त्याची किनार रंगवत बसलेली शिक्षिका हौसेने बसलेली असते असे मला वाटत नाही.

गुणांवर शिक्षकाची किंमत ठरवली की काय होते याचा अनुभव जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने शाळांचे अनुदान मुलांच्या हजेरीशी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेतील निकालाशी बांधले. कवी मॅथ्यू अर्नॉल्ड तेव्हा शाळा निरीक्षक होते आणि त्यांनी या पद्धतीला सातत्याने विरोध केला, कारण शिकवणे यांत्रिक होऊन गेले होते. निरीक्षकासमोर वाचायचे पुस्तक मुलांकडून आधीच तोंडपाठ करून घेतले जात असे. ती पद्धत मोडीत निघायला १८९० चे दशक उजाडावे लागले. त्या शिक्षकांना मी दोष देणार नाही, कारण पगार ज्या गोष्टीवर अवलंबून होता तीच त्यांनी निर्दोष करून दाखवली.

या बाबतीत आम्हा बडोदेकरांना आपल्याच गावाकडून एक गोष्ट शिकता येण्यासारखी आहे. सूक्ष्म अध्यापनाची, म्हणजे छोटा पाठ घेऊन शिकवण्याचे एकेक कौशल्य घोटण्याची, पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाली, आणि भारतात ती रुजवण्याच्या कामात महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्रातील प्रगत अध्ययन केंद्राचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘केस’चा, मोठा वाटा आहे. शिक्षणतज्ज्ञ बी. के. पासी यांनी १९७० च्या दशकात यावर इथे काम केले, आणि पुढे इंदूरलाही तो धागा गेला. भारतीय पद्धतीतले एक आवर्तन ३६ मिनिटांचे असते: ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे त्यावर चर्चा, १२ मिनिटे नव्याने आखणी, ६ मिनिटे तोच पाठ पुन्हा, आणि ६ मिनिटे पुन्हा चर्चा. या हिशेबात सर्वांत मोठा वाटा शिकवण्याला दिलेला नाही, पुन्हा आखण्याला दिलेला आहे. पहिला पाठ कच्चा असणार हे गृहीत धरूनच ही पद्धत उभी आहे, आणि दुसऱ्या पाठाची वेळ त्यात आधीपासून राखून ठेवलेली आहे. बी.एड. करताना आपण सर्वांनी हे केलेले असते, परंतु बहुतेक ठिकाणी प्रश्न विचारण्याचे कौशल्य, फलकलेखनाचे कौशल्य, उद्दीपन बदलाचे (आवाज, हालचाल बदलत मुलांचे लक्ष टिकवण्याचे) कौशल्य अशा रकान्यांत खुणा करण्यापुरतेच ते उरते आणि अखेरच्या पाठाला परीक्षक येतात तेव्हा वर्गाला उत्तरे आधीच माहीत असतात. शाळेत रुजू झाल्यानंतर तर दुसऱ्यांदा पाठ घेण्याची सोयच राहत नाही. ‘हा भाग कालच झाला’ हे वाक्य आपण ज्या निश्चिंतपणे बोलतो, त्यात मला या पद्धतीचा पराभव दिसतो.

ज्या शाळेत एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आहेत तिथे मात्र हे आजही सहज करता येते. सहावी अ मध्ये घेतलेला पाठ मधल्या सुट्टीत पाच मिनिटे आठवून, कुठे मुले गप्प झाली ते टिपून, सहावी ब मध्ये बदलून घ्यायचा. आमच्याकडे आम्ही दोघी-तिघी हे करतो आणि एकमेकींच्या वर्गात मागे बसतो. मागे बसणारीने फक्त मुलांकडे पाहायचे, शिकवणारीकडे नाही, असे आम्ही ठरवले आहे; त्यामुळे शिकवणारीवरचे दडपण उतरते आणि कोणत्या वाक्याला कोणत्या बाकावरची मान खाली गेली, हे दुसरीला सांगता येते.

निर्दोष तासाच्या ओढीने जे सर्वांत आधी नाहीसे होते ते म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. अमेरिकेतील मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतो आणि मग स्वतः उत्तर देतो, प्रश्न बदलतो किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतो. हाच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवला तर मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ हे उत्तर कमी होते आणि एरवी न बोलणारी मुले बोलू लागतात. ज्या मुलांना शिक्षक कच्चे समजतो त्यांच्यासाठी तो आणखी कमी थांबतो, हीदेखील त्यांचीच नोंद आहे. तीन सेकंद कागदावर क्षुल्लक दिसतात. चाळीस-पन्नास मुलांसमोर उभे राहून ते मोजून पाहावेत. तास घसरतो आहे, मुले हसतील, बाहेरून जाणाऱ्या कोणाला वर्ग थंड वाटेल, अशा शंका तेवढ्या वेळात मनात येऊन जातात, आणि उत्तर आपल्याच तोंडून बाहेर पडते.

वह्यांवरच्या शेऱ्यांविषयीही थोडे लिहिले पाहिजे. रूथ बटलर यांनी इस्रायलमध्ये केलेला आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास शिक्षकांनी अवश्य लक्षात ठेवावा असा आहे. काही मुलांना केवळ गुण दिले, काहींना केवळ लेखी शेरे दिले आणि काहींना दोन्ही दिले. पुढच्या कामात सुधारणा दिसली ती केवळ शेरे मिळालेल्या मुलांत. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांत ती दिसली नाही, कारण गुण दिसल्यावर शेरा मागे पडतो. आपल्याला गुण देणे बंद करता येत नाही, कारण ते वरून मागितले जातात. परंतु रोजच्या वहीत ते द्यावेत असे कोणी सांगितलेले नाही. ‘सुंदर’, ‘छान’, ‘अक्षर सुधारा’ या शेऱ्यांऐवजी मी आता प्रश्न लिहिते: ‘इथे छेद का बेरजेत घेतलास?’, ‘हेच ०.३ आणि ०.४५ साठी करून पाहा.’ सगळ्या वह्यांत असे लिहिणे एका माणसाच्या आवाक्यातले नाही. म्हणून मी रोज एका बाकरांगेच्याच वह्या घेते आणि बाकीच्यांवर बरोबर-चूक अशी खूणही करत नाही. प्रत्येक वहीच्या प्रत्येक पानावर लाल शाई दिसली पाहिजे हा आग्रह सोडल्याशिवाय एका वहीकडे नीट पाहायला वेळ मिळत नाही, हे वरिष्ठांना पटवणे सोपे नसते, पण पटते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो रास्त आहे, की अशा सैलपणातून गणित कच्चे राहील. इथे मला स्पष्ट राहायचे आहे. पाढे पाठच पाहिजेत. समच्छेद करताना पायऱ्या गाळलेल्या मला चालत नाहीत, आणि शिक्षकाचे स्वतःचे गणित तर पक्के असलेच पाहिजे, कारण मुलाच्या चुकीमागचा विचार ओळखायला पाठ्यपुस्तकाच्या पुढचे समजावे लागते. सोडायचा आहे तो तास देखणा दिसण्याचा आग्रह. मूल अखेरीस जिथे पोहोचले पाहिजे ती जागा तसूभरही खाली आणायची नाही, परंतु तिथे जाताना ते किती वेळा अडखळले हे लपवायचेही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात मूल भय, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडता यावे, असे लिहिलेले आहे. वर्गात चुकीचे उत्तर देऊनही ज्याला खाली बसावे लागत नाही, त्याच मुलाच्या वाट्याला ते कलम खऱ्या अर्थाने येते.

वयानुसार कोणी काय शिकलेले असावे याचे तक्ते आता प्रत्येक शाळेत आहेत आणि त्यांचा उपयोगही आहे. तरी बडोद्यात बसून ते तक्ते भरताना मला नेहमी सयाजीराव महाराज आठवतात. नाशिककडच्या कवळाणे गावातून १८७५ साली दत्तक म्हणून ते इथे आले तेव्हा बारा वर्षांचे होते, आणि त्यांचे रीतसर शिक्षण त्यानंतर सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी या भाषा ते पुढच्या काही वर्षांत शिकले. आजच्या तक्त्यात त्या मुलासाठी ‘अपेक्षेहून बरेच मागे’ एवढाच रकाना निघाला असता. त्याच माणसाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. उशिरा शिकू लागलेल्या मुलाला वेळ मिळाला, शिक्षक मिळाले आणि घाई कोणी केली नाही. ते राजपुत्र होते म्हणून हे शक्य झाले हे खरे आहे, आणि साध्या घरातल्या मुलालाही तेवढी सवड मिळावी हे मागणे त्यातूनच निघते.

माझ्या टाचणवहीत आता ‘साध्य’ या रकान्यात मी मुलांचे प्रश्न आणि चुका लिहिते, मुलाच्या नावासह. आज कोणी पहिल्यांदा ‘मला नाही समजले’ म्हटले, कोणी स्वतःची चूक स्वतः शोधली, कोणी दुसऱ्याला ‘तू असे का केलेस’ असे विचारले. पालकसभेत मी हीच नोंद उघडते. काही पालकांना सुरुवातीला ती आवडत नाही. आपल्या मुलीच्या वहीत इतक्या रेघा का, असे एका वडिलांनी बऱ्याच नाराजीने विचारले होते. त्यांच्यासमोर मी जुलैतली आणि ऑक्टोबरमधली अशी दोन पाने ठेवली आणि मुलीलाच सांगायला लावले. जुलैत आपण काय समजत होतो आणि ते का चुकीचे होते, हे तिने त्यांना गुजराती-मराठी मिसळून सविस्तर सांगितले. शेरा वाचून त्यांना जे समजले नसते ते तिच्या सांगण्यातून समजले, असे त्यांच्या पुढच्या प्रश्नांवरून दिसले. ते प्रश्न गुणांविषयी नव्हते.

ज्यांना यातले काही करून पाहायचे असेल त्यांना मी प्रश्नांच्या जोड्यांपासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यासाठी परवानगी लागत नाही आणि खर्चही नाही. ३/४ आणि २/३ यांत मोठा कोणता असे विचारले तर ‘आकडे मोठे म्हणून ३/४’ असे मानणारे मूलही बरोबर ठरते. लगेच ३/४ आणि ५/८ विचारावे. (−३) × (−५) चे उत्तर ‘दोन वजा म्हणजे अधिक’ या घोकंपट्टीने बरोबर येते. त्याच मुलाला −३ − ५ द्यावे, म्हणजे अधिक ८ येते की काय ते कळेल. बाजू ४ असलेल्या चौरसाची परिमिती आणि क्षेत्रफळ दोन्ही १६ येतात, त्यामुळे ज्या मुलाचा या दोहोंत गोंधळ आहे ते या उदाहरणात कधीच सापडत नाही; बाजू ५ घेतली की २० आणि २५ वेगळे होतात. ३ बाय ६ च्या आयतातही दोन्हीकडे १८ येतात, म्हणून तोही चाचणीत घेऊ नये. कोन आणि समांतर रेषा यांच्यासाठी अशा जोड्या मला अजून पुरेशा मिळालेल्या नाहीत. कोणी वर्गात वापरलेल्या असतील तर त्या मला हव्या आहेत, कारण सातवीचा तो धडा दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होणार आहे.